हातीं पडणारा पगार



ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत देवळाचा इतिहास इतरांनीं लिहिलाच आहे. मला आपल्या घरांतील पगाराविषयीं लिहावयाचें आहे. कारण आपल्यापैकीं बहुतेकांचीं घरें महिन्याच्या वेतनावरच उभीं राहिलीं.

चांद्याकडे मजुरीची रीत रुजली ती कोळशाबरोबर. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ सालीं बंद पडली आणि काम बल्लारपुराकडे सरकलें. १९४५ सालीं तेथें कागदाच्या गिरणीची कंपनी स्थापन झाली. बांबूचें रान जवळ, वर्धेचें पाणीही जवळ.

परंतु मिळविलेला रुपया कामकरी घरीं नेई काय? व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगानें १९३१ सालीं लिहिलें कीं, बहुतेक औद्योगिक ठिकाणीं निदान दोन तृतीयांश कामकरी कर्जांत असून, त्यांतील बहुतेकांचें कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. म्हणजे पगार हातीं येण्यापूर्वींच तो सावकाराचा झालेला असे!

या आयोगाच्या शिफारशींतूनच १९३६ चा वेतनाचा कायदा निघाला. हजाराहून कमी कामकरी असतील तेथें सातव्या दिवसाच्या आंत, इतरत्र दहाव्याच्या आंत पगार द्यावा. दंड रुपयास अर्ध्या आण्याहून अधिक नसावा. आणि दंडाची रक्कम कामकऱ्यांच्याच हितासाठीं खर्चावी, असें त्यानें ठरविलें. प्रथम तो कारखाने व रेल्वे यांनाच लागू होता. कोळशाच्या खाणींना पुढें लागला. गोष्ट लहान दिसते, पण पगाराचा दिवस ठरला म्हणजे वाण्याच्या उधारीचाही दिवस ठरतो.

मग भविष्यनिर्वाहनिधि आला. खाणवाल्यांसाठीं १९४८ सालीं, कारखान्यांसाठीं १९५२ सालीं. कारखान्यांत आरंभीं रुपयास एक आणा कापला जाई, आणि तितकाच मालक घाली. "आधींच तुटपुंजें, त्यांत ही कपात!" असें मीं पुष्कळदां ऐकलें आहे. माझ्या मतें परत येणारी कपात ती हीच.

पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ च्या आपल्या पत्रांत आधीं कामकऱ्याचा निर्वाह होईल इतकें वेतन मागितलें, आणि मग काटकसर सांगितली. आम्ही प्रवचनकार मात्र बहुधा हा क्रम उलटाच सांगतों.

१९८२ सालीं वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत तर दरमहाचा पगार शिक्षक, वनरक्षक अशा थोड्यांनाच. बाकीच्यांना उन्हाळ्यांत कांहीं दिवस तेंदूपानें तोडून जी रोकड मिळते तीच पावसाळाभर पुरवावयाची. तेथें हिशेब शिकविण्याची आवश्यकता नाहीं. उणें आहे तें पैशाचें.

आमच्या एका भगिनीचे पति खाणींत होते. पैशांबरोबर पगाराची चिठ्ठी आणल्याविना ती त्यांना जेवावयास वाढीत नसे. मग ती चिठ्ठी घेऊन ती मजकडे येई आणि एकेका आंकड्यावर बोट ठेवून विचारी, "हे कोठें गेले, फादर?" निधीचा अर्थ मीं तिला तीनदां सांगितला असेन. पति निवृत्त झाले तेव्हां सगळ्या चिठ्ठ्या दोऱ्यानें बांधून ती कचेरींत गेली, आणि लेखनिकाच्या आधीं तिनेंच बेरीज सांगितली.