तेगानुमाकांठचें आबिको

महानगराच्या सावलींत वसलेल्या गांवांना स्वतःचा इतिहास नसतो, अशी एक समजूत आहे. सकाळीं आगगाडीनें कामावर जावें, सायंकाळीं घरीं परतावें, यापलीकडे तेथें पाहण्यासारखें काय असणार? जपानच्या चिबा प्रांतांतील आबिको या लहान नगराचा वृत्तांत ऐकला म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

टोकियोच्या उएनो स्थानकापासून आबिको सुमारें चाळीस मिनिटांच्या वाटेवर आहे. उत्तरेस तोने नदी वाहते, तर दक्षिणेस तेगानुमा हें लांबट व उथळ सरोवर पसरलें आहे. तोकुगावा राजवटींत एदो शहराहून मितोकडे जाणाऱ्या राजरस्त्यावरील हें मुक्कामाचें ठिकाण होतें. १८९६ सालीं लोहमार्ग आला आणि सरोवराची शोभा राजधानीच्या आटोक्यांत आली.

ज्यूदो विद्येचे जनक जिगोरो कानो यांनीं १९११ सालीं सरोवराकांठच्या टेकडीवर विश्रांतीसाठीं बंगला बांधला. १९१४ सालीं त्यांचे भाचे सोएत्सु यानागी शेजारीं राहावयास आले. ‘शिराकाबा’ मासिकाच्या मंडळांतील हे तरुण लेखक. त्यांच्यामागून कादंबरीकार नाओया शिगा १९१५ सालीं आले व १९२३ पर्यंत राहिले. सानेआत्सु मुशानोकोजी यांनींहि १९१६ सालीं येथेंच बिऱ्हाड केलें. बर्नार्ड लीच या इंग्रज कलावंतानें यानागींच्या आवारांत मातीचीं भांडीं भाजण्याची भट्टी उभारली. १९१९ सालीं आगींत त्याची कार्यशाळा जळाली.

या वसाहतींतील सर्वांत फलदायी घटना दिसावयास अगदीं क्षुल्लक होती. फ्रेंच शिल्पकार रोदँ यानें शिराकाबा मंडळास पाठविलेल्या मूर्ति यानागींच्या घरीं होत्या. त्या पाहण्यासाठीं नोरिताका आसाकावा हे गृहस्थ १९१४ सालीं कोरियाहून आले व भेट म्हणून तेथील पांढऱ्या चिनीमातीचें एक लहान भांडें घेऊन आले. अनामिक कारागिराच्या हातचें तें सौंदर्य पाहून यानागींची दृष्टि पालटली. सामान्य माणसाच्या नित्य वापरांतील वस्तूंच्या सौंदर्यास १९२५ सालीं त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं ‘मिंगेइ’ हें नांव दिलें आणि १९३६ सालीं टोकियोंत अशा वस्तूंचें संग्रहालय उघडलें. त्या विचाराचें बीज आबिकोंत पडलें होतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदललें. अन्नटंचाईच्या काळांत भातशेतीसाठीं सरोवराचा मोठा भाग भरून काढण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. पुढें राजधानींतील नोकरदारांचीं घरें भराभर उठलीं. १९७० सालीं आबिकोस शहराचा दर्जा मिळाला आणि १९७१ पासून टोकियोच्या भुयारी मार्गावरील गाड्या थेट येथवर येऊं लागल्या. घरें वाढलीं त्या वेगानें सांडपाण्याची व्यवस्था वाढली नाहीं. स्नानगृहांचें व स्वयंपाकघरांचें पाणी उथळ सरोवरांत सांचत गेलें. १९७४ पासून २००० पर्यंत, सलग २७ वर्षें, तेगानुमा हें जपानमधील सर्वांत मलिन सरोवर म्हणून नोंदलें गेलें. ज्या पाण्याच्या ओढीनें पहिले रहिवासी आले, तेंच पाणी पुढच्या रहिवाशांच्या वाढत्या संख्येनें नासलें.

मात्र नगरानें तें तसेंच सोडून दिलें नाहीं. सांडपाण्याच्या नळांचें जाळें वाढविण्यांत आलें आणि २००० सालीं पूर्ण झालेल्या कालव्यानें तोने नदीचें पाणी सरोवरांत येऊं लागलें. पुढच्याच वर्षीं ‘सर्वांत मलिन’ ही अपकीर्ति सुटली. दरम्यान १९८४ सालीं यामाशिना पक्षिसंशोधन संस्था टोकियोहून आबिकोस आली. १९९० सालीं नगरपालिकेनें तिच्या शेजारींच पक्ष्यांचें संग्रहालय उघडलें.

आज येथें येणाऱ्या प्रवाशास कानोंच्या बंगल्याच्या जागीं सार्वजनिक उद्यान आढळतें. शिगांची छोटी अभ्यासिका व शिराकाबा लेखकांचें संग्रहालय पायीं फिरून पाहतां येतें. काठावरच्या वाटेनें चालतांना बदकें, बगळे व हंस दृष्टीस पडतात. पाणी अद्याप पूर्वीसारखें निर्मळ झालेलें नाहीं. तें बिघडावयास एक पिढी पुरली; सुधारावयास दुसरी पिढी अजून झटत आहे. पहांटेच्या गाडीनें टोकियोस जाणारा आबिकोकर आपल्या घरचें पाणी कोठें जातें हें आतां जाणतो, आणि नगराच्या प्रेक्षणीय स्थळांइतकीच ही जाणीवहि मोलाची आहे.