नियालचे नातू

यूजीन ओ'नील हे नाव मराठी नाट्यरसिकांना परकं नाही. १९३६ चं साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळवणारा हा नाटककार जन्माने अमेरिकन, पण त्याचे वडील आयर्लंडमधल्या किलकेनीचे. त्याच्या आडनावातल्या 'ओ'विषयी आज बोलायचं आहे. आयरिश भाषेत हा शब्द मुळात 'उआ' असा होता आणि त्याचा अर्थ नातू. पुढे तो 'वंशज' या अर्थाने रूढ झाला. 'मॅक' म्हणजे मुलगा. तेव्हा ओ'नील म्हणजे नियालचा नातू आणि मॅकार्थी म्हणजे कार्थाखचा मुलगा. डोक्यावर टांगलेला तो स्वल्पविराम मात्र इंग्रजी लेखनाची देणगी. आयरिश लिहिणारे 'ओ'वर फक्त दीर्घ उच्चाराची रेघ देतात.

वडिलांकडून मुलाकडे जाणारी आडनावं आयर्लंडमध्ये फार लवकर रुजली. दहाव्या शतकात ती दिसू लागतात, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या कितीतरी आधी. ओ'नील घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे काळ्या गुडघ्याचा नियाल. अल्स्टर प्रांतातला हा राजा सन ९१९ मध्ये डब्लिनजवळ व्हायकिंगांशी लढताना पडला. त्याचा नातू डोनाल स्वतःला 'नियालचा नातू' म्हणवू लागला. तो खरोखरच नातू होता. पण त्याच्या मुलानातवंडांनीही तेच बिरुद पुढे चालवलं आणि बिरुदाचं आडनाव झालं.

घराण्याची वंशावळ मात्र तिथे थांबत नाही. आपल्याकडच्या हेळव्यांसारखे तिथेही वंशावळी सांभाळणारे पिढीजात जाणकार असत. त्यांनी हा वंश आणखी पाचशे वर्षं मागे, पाचव्या शतकातल्या दुसऱ्या एका नियालपर्यंत नेला. त्याचं बिरुद 'नऊ ओलिसांचा नियाल'. मांडलिक राजे आपली मुलं ओलीस म्हणून सार्वभौम राजाकडे ठेवत; ज्याच्याकडे जास्त ओलीस तो मोठा, असा हिशोब. या नियालच्या मुलांनी उत्तर आयर्लंड वाटून घेतला, असं परंपरा सांगते. मुलगा ओवेन याच्या नावाने जो प्रदेश ओळखला गेला तो 'टीर ओवेन', म्हणजेच आजची टायरोन काउंटी. टायरोनमधलं डंगॅनन ही ओ'नीलांची राजधानी. भगिनी निवेदितांचा जन्म १८६७ साली झाला तो याच गावात.

आता एकदम २००६ सालात येऊ. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या जनुकशास्त्रज्ञांनी आयरिश पुरुषांचं 'वाय' गुणसूत्र तपासलं. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. आयरिश आडनावही त्याच वाटेने जातं, त्यामुळे दोहोंची गाठ घालून पाहता येते. वायव्य आयर्लंडमध्ये सुमारे २१ टक्के पुरुषांत एकाच ठेवणीचं 'वाय' गुणसूत्र सापडलं. नियालच्या वंशातली मानली जाणारी जी आडनावं आहेत, त्यांच्यात ते विशेष ठळक होतं. जगभर अशा पुरुषांची संख्या तीस लाखांपर्यंत असावी, असा अंदाज निघाला. वर्तमानपत्रांना याहून चांगली बातमी कोणती मिळणार? नऊ ओलिसांचा नियाल प्रयोगशाळेत सापडला, असा गाजावाजा झाला. न्यूयॉर्कपासून सिडनीपर्यंत लोक गालाच्या आतल्या बाजूवर कापूस फिरवून नमुने पाठवू लागले. राजघराण्याशी नातं जुळत असेल तर कोणाला नको असतं!

पुढे या खुणेचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा ती स्कॉटलंडमध्येही मोठ्या प्रमाणावर आढळली. शिवाय ती पाचव्या शतकाहून जुनी असावी, असं मानलं जाऊ लागलं. म्हणजे ही खूण अंगात असलेला प्रत्येक जण नियालचा वंशज ठरत नाही. तो नियालच्याही आधीच्या कुण्या अनाम पुरुषाचा वंशज असू शकतो.

त्याच वर्षी, त्याच कॉलेजातून आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा एवढा बोलबाला झाला नाही, पण मला विचाराल तर तो अधिक महत्त्वाचा. त्यात ४३ आयरिश आडनावांचे ११२५ पुरुष तपासले होते. एकाच आडनावाच्या दोन पुरुषांचं 'वाय' गुणसूत्र जुळण्याची शक्यता इतरांपेक्षा सरासरी ३० पटींनी अधिक निघाली. तेव्हा आडनाव आणि रक्त यांचा संबंध आहे, यात शंका नाही. रायन आणि ओ'सलिव्हन ही आडनावं एकेका मूळ पुरुषापासून निघालेली दिसतात. मर्फी आणि केली यांचे मूळ पुरुष मात्र अनेक. मर्फी हे आयर्लंडमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव का, याचं उत्तर बहुधा यातच आहे. पण याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट सांगितली. तपासलेल्या एकाही आडनावात निम्म्याच्या फार वर माणसं त्या मूळ पुरुषाच्या थेट पुरुषवंशातली निघाली नाहीत. उरलेले कुठून आले?

याचं उत्तर गुणसूत्रात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधलेलं बरं. ओ'नीलांपैकी सर्वांत थोर पुरुष म्हणजे टायरोनचा अर्ल ह्यू ओ'नील. १५९४ ते १६०३ अशी नऊ वर्षं त्याने इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या फौजांना झुंजवलं. १५९८ मध्ये यलो फोर्डच्या लढाईत त्याने इंग्रजांचा असा पराभव केला, की लंडनला धडकी भरली. या ह्यूचा बाप मॅथ्यू. तो लहानाचा मोठा झाला डंडॉक गावातल्या एका लोहाराच्या घरी. तो सोळाएक वर्षांचा झाल्यावर त्याच्या आईने, ॲलिसन केलीने, सांगितलं की याचा खरा बाप घराण्याचा प्रमुख कॉन ओ'नील आहे. कॉनने ते मान्य केलं आणि मॅथ्यूला वारसही नेमलं. कॉनचा औरस मुलगा शेन भडकला. हा लोहाराचा पोर आहे, ओ'नील नव्हेच, असा त्याचा दावा होता आणि १५६२ मध्ये लंडनला जाऊन त्याने राणीपुढेही तो मांडला. तोपर्यंत मॅथ्यू जिवंत नव्हता; शेनच्या माणसांनी त्याला १५५८ मध्येच मारलं होतं.

शेन खरं बोलत होता का? आज कोण सांगणार! पण आयरिश रिवाजाला त्याची फारशी पर्वा नव्हती. आईने बापाचं नाव घेतलं आणि बापाने ते पत्करलं, की मुलगा त्या कुळाचा झाला. इंग्रजी कायदा औरस-अनौरस पाहत होता. आयरिश रिवाज पाहत होता तो स्वीकार. कदाचित लोहाराचा नातू असलेला हा ह्यू १५९५ मध्ये टलीहोगच्या टेकडीवर 'ओ'नील' म्हणून विधिपूर्वक कुलप्रमुख झाला. तिथलं दगडी सिंहासन इंग्रज सेनापती माउंटजॉयने १६०२ मध्ये फोडून टाकलं. नुसतं कुळ हरवून त्यांचं समाधान होत नव्हतं, त्या नावाची जागाच नाहीशी करायची होती.

१६०१ मध्ये किन्सेलला ह्यू हरला, १६०३ मध्ये त्याने तह केला आणि १६०७ च्या सप्टेंबरात सगेसोयरे घेऊन त्याने जहाजातून देश सोडला. १६१६ मध्ये तो रोममध्ये वारला. त्याच्यामागे अल्स्टरच्या जमिनी इंग्लंड-स्कॉटलंडमधून आणलेल्या वसाहतवाल्यांना वाटल्या गेल्या. ही वाटणी करणारा इंग्रज अधिकारी म्हणजे आर्थर चिचेस्टर. पुढच्या दोन शतकांत अनेक आयरिश कुटुंबांनी आडनावातला 'ओ' टाकून दिला. १८९३ मध्ये गेलिक लीगची स्थापना झाली, भाषेचा अभिमान जागा झाला, आणि पुष्कळांनी तो परत लावला.

आता पुढची गंमत बघा. १९६३ ते १९६९ या काळात उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान होते टेरेन्स ओ'नील. ते युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहावं या पक्षाचे. मग ते नाव कुठून आलं? ओ'नीलांच्या एका शाखेची मोठी जहागीर १८५५ मध्ये वारसाअभावी दूरच्या नातलगाकडे गेली. तो नातलग होता विल्यम चिचेस्टर, त्याच चिचेस्टर घराण्यातला धर्मगुरू. स्त्रीच्या बाजूने त्याचं ओ'नीलांशी नातं होतं. जहागिरीबरोबर त्याने नावही घेतलं. टेरेन्स हे त्याचे वंशज. ज्या घराण्यातल्या माणसाने ओ'नीलांच्या जमिनी वाटल्या, त्याच घराण्याचा वारस तीनशे वर्षांनी 'नियालचा नातू' म्हणून सरकार चालवत होता. 'वाय' गुणसूत्राला हे नाव खोटं वाटेल. कायद्याला आणि लोकांना ते खोटं वाटलं नाही.

आणि एक साधा हिशोब करून बघा. दहा पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाला १०२४ पूर्वज असतात. आडनाव आणि 'वाय' गुणसूत्र त्यांपैकी एकाचीच नोंद ठेवतात. उरलेल्या १०२३ जणांत सगळ्या आया आहेत, आज्या आहेत आणि ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत असे असंख्य बापही. एका नियालच्या मागे लागून इतक्या माणसांना विसरायचं, हा सौदा मला तरी महाग वाटतो.

अलीकडे आयरिश सार्वजनिक जीवनात एक नवं आडनाव रुळलं आहे. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. आई आयरिश, वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१९ च्या डिसेंबरात ते आपल्या या मूळ गावी येऊनही गेले. आयरिश माणूस आडनावात आजोबांचं नाव सांगतो, कोकणी माणूस गावाचं. डब्लिनच्या शाळेत हजेरी घेताना आता दोन्ही नावं एकापाठोपाठ पुकारली जाऊ शकतात, आणि दोन्ही मुलं सारख्याच आयरिश उच्चारात 'हजर' म्हणतील.