अत्ताराची बरणी आणि अळंबीतली साखर

नांदेड असो की लातूर, अत्ताराच्या दुकानात गेलात तर ज्येष्ठमध, उन्नाब, गुल-ए-बनफ्शा यांच्या बरण्या ओळखीच्या वाटतात. खोकला झाला की घरोघरी याच वस्तूंचा जोशांदा उकळला जाई. युनानी औषधांच्या यादीत खोकल्यावरचे आणखी एक नाव आहे, शकर-तिघाल. ही उसाची साखर नव्हे. आपल्या माळरानावर उंटकटारा उगवतो. त्याच्याच जातीच्या काटेरी झुडपांवर इराण-इराककडे एक भुंगा गोड कोष बांधतो. तेच कोष हकीम औषध म्हणून देत आले.

१८५९ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलिन बर्थेलो यांनी या कोषांतली साखर वेगळी काढली. युरोपात या पदार्थाला ‘त्रेहाला’ म्हणत, म्हणून साखरेचे नाव पडले ट्रेहालोज. पण ती त्याआधीच सापडली होती. १८३२ मध्ये विगर्स या जर्मन संशोधकाला ती राय धान्यावरच्या अरगटात मिळाली होती. आपल्या बाजरीवर पडणारा अरगट त्याच कुळातली बुरशी. पुढे हीच साखर अळंब्यांमध्येही भरपूर आढळली. अळंबीतला दुसरा गोड घटक मॅनिटॉल. त्याचे नाव ‘मन्ना’वरून आले, म्हणजे झाडावर साकळणाऱ्या गोड रसावरून. युनानीतले शीरखिश्त त्याच वर्गातले.

इथे अनेकांना एक हदीस आठवेल. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत कमअ, म्हणजे वाळवंटी भूछत्र, ‘मन्न’पैकी असल्याचा आणि त्याचे पाणी डोळ्यांना शिफा असल्याचा उल्लेख आहे. लगेच “विज्ञानाने सिद्ध केले” असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. नावांचा हा योगायोग सुंदर आहे, पण तो प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे. ते पाणी शुद्ध वापरावे की इतर औषधांत मिसळून, यावर जुन्या भाष्यकारांतही मतभेद होते. श्रद्धेला रसायनशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही, आणि डोळ्यांत काय घालावे हे डॉक्टरलाच विचारावे.

नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. संस्थानात युनानीला राजाश्रय होता. चारमिनारजवळचे निजामिया युनानी रुग्णालय त्याची साक्ष देत आजही उभे आहे. ‘युनानी’ म्हणजे ग्रीक. अळंबीवर्गातले ‘गारीकून’ हे औषध ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसच्या ग्रंथात आहे, आणि इब्न सिनाच्या ‘अल-कानून’मध्येही. म्हणजे औषधी अळंबी ही एकट्या चीनची मिरास नाही.

आज मात्र बाजारात चिनी परंपरेच्या नावाने लिंगझीसारख्या अळंब्यांच्या महागड्या भुकट्या विकल्या जातात. डब्यावर ‘पॉलिसॅकराइड’चा मोठा आकडा असतो. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी. अळंबीतली जी साखळी संशोधकांना महत्त्वाची वाटते, ती बीटा-ग्लुकन. गव्हा-तांदळातला स्टार्चही ग्लुकोजचीच साखळी, पण तिचे सांधे वेगळे. एकूण साखर मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत भुकटीवर फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्ल टाकतात. त्यात दोन्ही साखळ्या तुटतात आणि दोन्ही सारखाच रंग देतात. अळंबीची बुरशी धान्यावर वाढवून धान्यासकट दळली, तर स्टार्चही ‘औषधी साखरे’च्या हिशेबात जमा होतो. फरक ओळखायला विशिष्ट सांधा तोडणारी एन्झाइमे वापरावी लागतात. स्टार्च जास्त असेल तर साधे आयोडीनही निळे पडून चुगली करते.

आणि बीटा-ग्लुकन खरे निघाले तरी गोष्ट संपत नाही. जपानमध्ये शिताके अळंबीतले लेंटिनन कर्करोगाच्या मुख्य उपचारासोबत इंजेक्शनने दिले गेले, उपचाराच्या जागी भुकटी म्हणून नव्हे. कर्ज काढून डबा आणणाऱ्या आणि केमोथेरपी सोडणाऱ्या घराला हा फरक कुणीतरी सांगायला हवा.

जुने हकीम औषधांत होणाऱ्या भेसळीबद्दल सावध असत. खरे द्रव्य कोणते आणि नकली कोणते, याच्या खुणा तिब्बच्या ग्रंथांत मुद्दाम नोंदवलेल्या असत. परंपरेचा अभिमान बाळगायचा तर तिची ही पारखी नजरही घ्यावी लागेल. नाहीतर बरणीवरचे नाव तेवढे आपले, आत पीठ.