जुनं द्या, नवं न्या

1856 साली अमेरिकेतल्या सिंगर कंपनीने गिऱ्हाइकांना सांगितलं की घरातलं जुनं शिवणयंत्र आणून द्या, मग ते कुठल्याही कंपनीचं असो, नव्या सिंगरच्या किमतीतून 50 डॉलर कमी करू. त्या काळी चांगलं यंत्र शंभर डॉलरच्या घरात जायचं, म्हणजे सूट भरभक्कम होती. कल्पना एडवर्ड क्लार्क या भागीदाराची. क्लार्क मूळचा वकील, पेटंटच्या खटल्यांत सिंगरची बाजू सांभाळता सांभाळता धंद्यात शिरलेला. हप्त्याहप्त्याने यंत्र विकायची शक्कलही त्याचीच आणि त्याच सुमाराची. पण आलेल्या जुन्या यंत्रांचं पुढे काय व्हायचं, हे जास्त बघण्यासारखं आहे. ती दुरुस्त करून पुन्हा विकली जात नव्हती, मोडून टाकली जात होती. बाजारात स्वस्तातलं जुनं यंत्र मिळतच राहिलं तर नवं कोण घेणार? 50 डॉलर हा जुन्या यंत्राचा मोबदला नव्हताच. एक नवं यंत्र खपवण्यासाठी आणि एक जुनं बाजारातून उठवण्यासाठी कंपनीने केलेला तो खर्च होता.

आज गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन चहा पुढे करत सहज विचारतो, "साहेब, जुन्या गाडीचं काय करणार? आपल्याकडेच एक्स्चेंजला देऊन टाका ना." या प्रश्नाचं कूळ क्लार्कपर्यंत जातं. ते ध्यानात ठेवलं की शोरूममधला भाव आणि बाहेरचा भाव यांत फरक का पडतो, याचं निम्मं कोडं सुटतं.

आपल्याकडे जुन्याच्या बदल्यात नवं देणारी बोहारीण होतीच. पण तिचा हिशेब उलटा. तिला हवे असायचे जुने कपडे. स्टीलचं पातेलं हे फक्त आमिष, म्हणून तर एका पातेल्यासाठी ती आणखी एक साडी, आणखी एक पँट काढायला लावायची. शोरूमवाल्याला तुमच्या जुन्या गाडीत फारसा रस नसतो. त्याला नवी गाडी विकायची असते आणि जुनी ही वाटेतली अडचण असते. बोहारीण कपड्याची शिवण न् शिवण तपासायची, शोरूमचा माणूस गाडीभोवती एक चक्कर मारून आकडा सांगतो, तो यामुळेच.

मोटारींच्या धंद्यात ही पद्धत रुळली ती 1920 च्या दशकात, आणि तिने जगातल्या सगळ्यात मोठ्या गाडीवाल्याला हरवलं. हेन्री फोर्डचा हिशेब सरळ होता. एकच गाडी, मॉडेल टी, वर्षानुवर्षं तीच बनवायची आणि दरवर्षी स्वस्त करत न्यायची. 1908 मध्ये साडेआठशे डॉलरच्या आसपास असलेली ही गाडी 1925 पर्यंत सर्वांत साध्या रूपात 260 डॉलरवर आली होती. यापेक्षा स्वस्त गाडी कोण देणार, असा फोर्डचा सवाल. उत्तर दिलं जुन्या गाड्यांनी. दोन वर्षं वापरलेली, चांगल्या कंपनीची, बंद टपाची गाडी टीच्याच भावात मिळायला लागल्यावर कोरी पण उघडी टी कुणाला हवी होती?

हे वेळेवर ओळखलं जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने. 1920 नंतर मोटारबाजार कशाने पालटला, याची चार कारणं त्याने पुढे आपल्या आठवणींत नोंदवली: हप्त्याची विक्री, जुन्या गाडीची अदलाबदल, बंद टपाची गाडी आणि दरवर्षी नवं मॉडेल. चारही एकमेकांत गुंतलेली. हप्त्यासाठी जनरल मोटर्सने 1919 मध्येच स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली होती. पण हप्ता सुरू व्हायला आधी काही रक्कम भरावी लागते, ती आणायची कुठून? दारातली जुनी गाडी हीच ती रक्कम. आणि गिऱ्हाईक ती चालती गाडी सोडायला तयार व्हावं म्हणून दरवर्षी नवं मॉडेल, नवा रंग, नवी ठेवण. जुनी गाडी ज्याला परवडेल त्याच्याकडे गेली की त्याची गरज भागली आणि फोर्डचं एक गिऱ्हाईक कमी झालं. मे 1927 मध्ये, दीड कोटी गाड्या बनवून झाल्यावर, मॉडेल टी बंद पडली. दोष एकट्या अदलाबदलीला देता येणार नाही, पण तिचा वाटा मोठा होता.

या सगळ्यात भरडला गेला तो डीलर. कारखान्याकडून नव्या गाड्यांचा रेटा, आणि त्या खपवायच्या तर जुनी घ्यायलाच हवी. शेजारचा डीलर जुनीला जास्त देतो म्हटलं की यानेही वाढवून द्यायचं. मग ती गाडी त्या भावात कुणी घ्यायचं नाही, आणि नव्या गाडीवर कमावलेलं जुनीवर जायचं. जुन्या गाडीचा सर्वमान्य भाव असावा ही गरज इथूनच उभी राहिली. लॉस एंजलिसमध्ये लेस केली नावाचा जुन्या गाड्यांचा एक व्यापारी होता. कुठली गाडी आपण किती डॉलरला घेऊ, याची यादी तो इतर डीलर आणि बँकांकडे पाठवायचा. 1926 मध्ये त्याने ती पुस्तकरूपाने काढली, तेच केली ब्लू बुक. एका व्यापाऱ्याची खरेदीची यादी अख्ख्या देशाचा दरतक्ता होऊन बसली.

डीलर मंडळीही कायम भरडली जाणार नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी साधी युक्ती काढली. नव्या गाडीची किंमत गुपचूप फुगवायची आणि फुगवलेले पैसे जुन्या गाडीच्या भावात घालायचे. गिऱ्हाईक खूश, आपल्या खटाऱ्याला केवढी किंमत आली! प्रत्यक्षात त्याचेच पैसे एका खिशातून निघून दुसऱ्या खिशात गेलेले. हा प्रकार इतका बोकाळला की 1958 मध्ये सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याने ठरवलेल्या किमतीचं लेबल लावणं सक्तीचं झालं. अमेरिकन शोरूममधल्या गाडीवर दिसणारं ते लेबल हे खरं तर जुन्या गाडीच्या सौद्यातल्या लबाडीचं अपत्य आहे.

क्लार्कचा मूळ विचार 2009 मध्ये सरकारी खर्चाने परत आला. मंदीत गाड्या खपेनात, तेव्हा अमेरिकन सरकारने जास्त पेट्रोल पिणारी जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्याला 3,500 ते 4,500 डॉलर देऊ केले. अट अशी की जुनी पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. डीलरकडे इंजिनात तेलाऐवजी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचे. काही आठवड्यांत पावणेसात लाखांहून जास्त गाड्या अशा मारल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक चांगल्या चालत्या होत्या, हे आपल्या मनाला जरा जड जातं. इथे स्कूटरचा रबर मॅटसुद्धा कुणी फेकत नाही.

भारतात ही वंशावळ फार उशिरा पोचली, आणि त्याचं कारण उघड आहे. अदलाबदलीची गरज माल पडून राहिला की लागते. आपल्याकडे मालच नव्हता. फियाट, अँबेसेडर यांच्यासाठी नंबर लावायचा. बजाजच्या स्कूटरसाठी लोकांनी दहा-दहा वर्षं वाट पाहिली, आणि परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर नंबर लवकर लागायचा. ज्याची स्कूटर लागली तो ती 'ऑन' घेऊन विकू शकायचा, म्हणजे वापरलेली गाडी कोऱ्या गाडीपेक्षा महाग. अशा बाजारात डीलर कशाला जुनी गाडी मागेल? त्याच्यापुढे गिऱ्हाइकं हात जोडून उभी होती. 1983 मध्ये मारुतीचं बुकिंग निघालं तेव्हाही हेच. दहा हजार रुपये आधी भरून लाखाहून अधिक लोक रांगेत लागले.

त्यामुळे आपल्याकडे जुनी गाडी विकायची म्हणजे परस्पर विकायची, हाच रिवाज मुरला. गॅरेजवाला मध्यस्थ, कारण गाडीची कुंडली त्यालाच माहीत. पेपरातल्या चार ओळींच्या जाहिरातीत कळीचे शब्द ठरलेले: सिंगल ओनर, कंपनी मेंटेन्ड, डॉक्टरने वापरलेली. मुंबईत 'पारशाची गाडी' म्हटलं की भाव चढायचा, कारण पारशी माणूस गाडी पुसतो आणि जपतो, ही सगळ्यांची खात्री. हे सगळं प्रमाणपत्रच होतं, फक्त कागदावर नव्हतं. जुन्या गाडीचा खरा दोष विकणाऱ्यालाच ठाऊक असतो, घेणारा सगळ्यांनाच संशयाने कमी भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून अंग काढून घेतो आणि मागे रद्दी उरते. जॉर्ज अकर्लोफ या अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये हेच मांडलं. तीन नियतकालिकांनी परत केलेल्या त्या निबंधाला पुढे नोबेल मिळालं. आपल्या गॅरेजवाल्याला ते निबंधाशिवाय कळलं होतं.

1993 मध्ये मोटारींचं लायसन्स-राज संपलं. 1998 हे वर्ष मोठं: ह्युंदाईची सँट्रो आली आणि वर्षाच्या शेवटी टाटांनी पुण्यात बनवलेली इंडिका दाखल झाली. रांग मोडली, आता गाड्या गिऱ्हाइकाची वाट बघू लागल्या. मारुतीच्या तोवर लाखो गाड्या रस्त्यावर होत्या आणि त्यांच्या मालकांची पुढची गाडी मारुतीच असेल याची शाश्वती राहिली नव्हती. 2001 मध्ये मारुतीने ट्रू व्हॅल्यू सुरू केलं. स्लोनने जे अमेरिकेत पाहिलं, ते जवळपास आठ दशकांनी इथे घडत होतं. योगायोग असा की अकर्लोफला नोबेलही त्याच वर्षी.

आता हिशेबाचं बोलू. समजा, तुमच्या गाडीला ओळखीतलं गिऱ्हाईक चार लाख देतंय. शोरूम सव्वातीन सांगेल आणि वर पन्नास हजार 'एक्स्चेंज बोनस' देईल. हा बोनस नावाने जुन्या गाडीचा, पण येतो नवीच्या विक्रीच्या बजेटमधून. म्हणून काही वेळा जुनी न देणाऱ्यालाही, जरा ताणून धरलं तर, त्यातला बराचसा भाग 'कॅश डिस्काउंट' म्हणून मिळतो. माझं मत विचाराल तर आधी नव्या गाडीचा सौदा जुनीचं नावही न काढता पक्का करावा आणि मग विषय काढावा. मन्रोनींच्या आधीची अमेरिकन युक्ती आपल्या शोरूममध्ये पूर्ण मेली आहे, असं मानायला मी तयार नाही.

कराचीही बाजू आहे, आणि ती आपल्याकडे उफराटी आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत विक्रीकर लागतो तो नव्या गाडीच्या किमतीतून जुनीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर. कॅलिफोर्नियासारखे अपवाद सोडले तर तिथे शोरूमला गाडी देण्यात करापुरता सरळ फायदा आहे. आपल्या जीएसटीत तसं नाही. नियमावलीतच उदाहरण दिलंय: 24,000 चा फोन जुना फोन आणि 20,000 रुपये घेऊन दिला, तरी कर 24,000 वर. गाडीलाही तेच. शिवाय जुनी गाडी पुढे विकताना डीलरला त्याच्या नफ्यावर 18 टक्के भरावे लागतात. तुम्ही स्वतःची गाडी शेजाऱ्याला विकलीत तर त्यावर जीएसटी नाही. डीलर हा कर धरूनच तुम्हाला आकडा सांगतो.

मग सगळे परस्परच का विकत नाहीत? कारण आपल्याकडे गाडी विकणं सोपं आहे, ती आपल्या नावावरून उतरणं अवघड. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, पैसे घेतले, किल्ली दिली की झालं, असं लोक धरून चालतात. कोरे सही केलेले फॉर्म मग एजंटाच्या खणात महिनोन्‌महिने पडतात, गाडी दुसऱ्या, तिसऱ्या हातात जाते आणि आरसीवर नाव पहिल्याचंच. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. अपघाताआधी गाडी अनेक हातांतून गेली होती. भरपाई कुणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, कायद्याच्या व्याख्येत मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो. गाडी विकून दोन वर्षं होत आली, तरी भरपाई पहिल्याच्या गळ्यात. राज्यातल्या राज्यात विकली तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, हे 1988 च्या मोटार वाहन कायद्यातच आहे. कळवतात किती जण, ते आरटीओच्या आवारात अर्धा तास उभं राहिलं तर समजतं. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून आपला असतो आणि नव्या गाडीवर नेता येतो, हेही बहुतेकांना गाडी गेल्यावरच कळतं.

म्हणजे शोरूम जे पन्नास-साठ हजार कमी देते, ती एका परीने या धास्तीची किंमत. पण शोरूमला दिली म्हणून धास्ती संपायची असंही नव्हतं, कारण तिथूनही गाडी ब्रोकरकडे जायची आणि नाव तुमचंच राहायचं. ही फट बुजवायला केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये नियम बदलले, ते 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. आता जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना ऑनलाइन गेली की पुढची विक्री होईपर्यंत कायद्याच्या लेखी मालक तोच. ताब्यातली गाडी त्याने ट्रायल, तपासणी, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची: कशासाठी, कोण चालवत होतं, किती किलोमीटर. आपण विकलेली गाडी रविवारी लोणावळ्याला कोण घेऊन गेलं, हे आजवर फक्त चलन घरी आल्यावर कळत असे.