डोंगारा, जॅक जोसेफ

(१८ जुलै १९५०). अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ, महासंगणकांवर चालणाऱ्या गणिती सॉफ्टवेअरचे एक प्रमुख शिल्पकार आणि २०२१ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. जन्म शिकागो येथे. शाळेत विज्ञान शिकवावे असा त्यांचा बेत होता. पण पदवीच्या अखेरच्या सत्रात आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘आइसपॅक’ या सॉफ्टवेअरवर काम करायला मिळाले आणि वाट बदलली. १९८० मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातून क्लीव्ह मोलर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. १९८९ मध्ये टेनेसी विद्यापीठ व ओक रिज प्रयोगशाळेत रुजू.

हवामानाचा अंदाज असो वा विमानाच्या पंखाची रचना, गणित बहुधा प्रचंड संख्येतील एकसामयिक समीकरणांपाशी येऊन ठेपते. ती सोडवणाऱ्या ‘लिनपॅक’च्या चार कर्त्यांपैकी डोंगारा एक. पुढे प्रोसेसर झपाट्याने वेगवान झाले, मेमरी मागे पडली. आकडेमोडीपेक्षा आकडे आणण्यातच वेळ जाऊ लागला. हजार बाय हजारच्या दोन मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकटींचा) गुणाकार घेतला, तर आणायचे आकडे २० लाख, क्रिया मात्र सुमारे २०० कोटी. म्हणजे एकदा आणलेला आकडा हाताशी ठेवून पुन्हापुन्हा वापरता येतो. डोंगारा व सहकाऱ्यांनी समीकरणे सोडवण्याची सारी रीत अशा गुणाकारांभोवती नव्याने बांधली. यंत्रागणिक बदलणारा भाग ‘ब्लास’ या पायाभूत संचात वेगळा काढला आणि त्यावर ‘लॅपॅक’ (१९९२) उभे केले. त्यामुळे यंत्र बदलले तरी वरचे सॉफ्टवेअर टिकले. त्यांचे सर्वांत मोठे काम हेच. अनेक प्रोसेसरांमधील संदेशवहनाच्या ‘एमपीआय’ मानकाच्या जडणघडणीतही त्यांचा मोठा वाटा आहे.

नाव सर्वतोमुखी झाले ते मात्र क्रमवारीमुळे. लिनपॅकच्या १९७९ च्या माहितीपुस्तिकेत, १०० समीकरणे सोडवायला कोणत्या यंत्राला किती वेळ लागतो, याचा तक्ता परिशिष्टात दिला होता. त्यातून लिनपॅक कसोटी रूढ झाली आणि १९९३ पासून तिच्या आधारे ‘टॉप ५००’ यादी दर जून व नोव्हेंबरमध्ये निघते. पुण्यातील ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या यादीत चौथा होता.

एकाच कसोटीवर यंत्रे जोखण्यातला धोका डोंगारांनी स्वतःच मांडला, हे त्यांच्या शास्त्रीय सचोटीला साजेसेच. मायकेल हेरू आणि पिओत्र लुश्चेक यांच्यासह त्यांनी मेमरीवर खरा ताण देणारी ‘एचपीसीजी’ कसोटी तयार केली. तिच्यावर यादीतील अग्रगण्य यंत्रेही आपल्या कमाल क्षमतेच्या जेमतेम काही टक्क्यांपर्यंतच पोहोचतात.