मुठीतला इतिहास

एखाद्या मेजावर लाल मुठीचे दहा-बारा चाकू ओळीने मांडून ठेवले, तर सामान्य माणसास त्यांत एकच चाकू दहा-बारा वेळा दिसेल. संग्राहकाची दृष्टी निराळी असते. तो त्यांतील एक उचलतो, त्याचे मोठे पाते उघडतो, पात्याच्या बुडाशी उमटविलेली अक्षरे भिंगातून वाचतो, डबा फोडण्याच्या आकड्याची धार कोणत्या बाजूस आहे हे न्याहाळतो आणि हा चाकू कोणत्या गावी व साधारणपणे कोणत्या काळी घडला हे सांगून मोकळा होतो. नाणी आणि टपालाची तिकिटे जमविणाऱ्यांना समाजात काही प्रतिष्ठा असते. खिशात मावणारी बहुउपयोगी अवजारे जमवून ती एकमेकांशी ताडून पाहणाऱ्यांकडे मात्र लोक थोड्याशा कौतुकाने आणि पुष्कळशा थट्टेने पाहतात. तथापि या छंदात ज्या बारीकसारीक फरकांची चर्चा चालते, त्यांच्या मागे एका गरीब पहाडी मुलखाच्या पोटापाण्याची कहाणी उभी आहे. ती ठाऊक झाली म्हणजे ही थट्टा आपोआप ओसरते.

एका मुठीत अनेक अवजारे घालण्याची कल्पना फार जुनी आहे. केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातील चांदीचे एक घडीचे अवजार आहे. चमचा, काटा, टोकदार सळई आणि दातकोरणे ही सारी त्यात दुमडून बसतात. त्याला सुरीही होती, पण लोखंडाची असल्यामुळे ती गंजून गेली. एवढी नाजूक चांदीची वस्तू सामान्य शिपायाच्या कमरेला असणे संभवत नाही. ती कोणा सधन प्रवाशाची असावी. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्डच्या कारागिरांनी या कल्पनेला कौशल्याच्या शिखरावर नेले. तेथील जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याने १८२२ साली जितके वर्ष तितकी पाती असा एक अजब चाकू घडविला. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी त्यांनीच पंचाहत्तर पात्यांचा ‘नॉरफोक’ चाकू तयार केला. त्याच वर्षी हर्मन मेल्व्हिल यांची ‘मोबी डिक’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत जहाजावरील हरहुन्नरी सुताराला शेफील्डच्या बहुउपयोगी चाकूची उपमा दिली आहे. याचा अर्थ असा की, ही वस्तू तोवर अटलांटिकपलीकडच्या वाचकांच्याही ओळखीची झाली होती. परंतु रॉजर्स यांचे हे दोन चाकू पाहण्यासाठी होते, वापरण्यासाठी नव्हते. ज्या चाकूपासून आजच्या संग्राहकांचा छंद खऱ्या अर्थाने सुरू होतो, तो निराळ्याच गरजेतून जन्मास आला.

स्वित्झर्लंड या देशाला ज्या प्रांतावरून नाव मिळाले, तो श्वित्स प्रांत. आज या देशाचे नाव घेताच सुबत्ता डोळ्यांपुढे येते. पण एकोणिसाव्या शतकात तेथील डोंगराळ भागात जमीन थोडी आणि कामधंदा त्याहून थोडा, अशी अवस्था होती. पोटासाठी परदेशी जाणाऱ्यांची संख्या लक्षणीय होती. कोकणातील घाटावर आणि मुंबईकडे जाणाऱ्या चाकरमान्यांची ज्यांना माहिती आहे, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. अशा मुलखात, इबाख या गावी, १८८४ साली कार्ल एल्सेनर या तरुणाने सुऱ्या-चाकूंचा कारखाना काढला. ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाने त्याची धार लावण्याची व चकाकी आणण्याची यंत्रे चालत. आपल्या खोऱ्यातील माणसांना खोऱ्यातच काम मिळावे, हा त्याचा हेतू होता.

त्या सुमारास स्विस सैन्याने नवी बंदूक स्वीकारली होती. १८८९ च्या नमुन्याची ही श्मिट-रुबिन बंदूक साफसफाईसाठी खोलावयाची तर पेचकस लागे. शिपायाला शिध्याचे डबेही फोडावे लागत. म्हणून एक पाते, भोके पाडण्याची आरी, डबा फोडण्याचा आकडा आणि पेचकस, अशी चार अवजारे असलेला घडीचा चाकू प्रत्येक शिपायास द्यावा असे ठरले. ‘नमुना १८९०’ या नावाने तो ओळखला जातो. त्याची मूठ गडद लाकडाची आणि वजन १४४ ग्रॅम.

येथेच कहाणीला कलाटणी मिळते. एवढ्या मोठ्या संख्येने चाकू करून देण्याचे सामर्थ्य स्वित्झर्लंडमधील एकाही कारखान्यात नव्हते. साहजिकच पहिल्या पंधरा हजार चाकूंची मागणी जर्मनीतील झोलिंगेन येथील वेस्टर आणि कंपनीकडे गेली. देशाच्या शिपायाच्या खिशातला चाकू परदेशात व्हावा आणि देशातील कारागिराने परदेशाची वाट धरावी, ही विसंगती एल्सेनरच्या मनाला लागली. १८९१ साली त्याने देशातील सुऱ्या घडविणाऱ्या कारागिरांचा संघ उभारला आणि सैन्याच्या चाकूचे काम हाती घेतले. पण झोलिंगेनचे कारखाने मोठे आणि यंत्रसज्ज होते. त्यांचा चाकू स्वस्त पडे. संघातील सोबती एकेक करून बाजूला झाले. एल्सेनर एकटा उरला आणि होते नव्हते ते घालवून दिवाळ्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला. आप्तांनी हात दिला आणि धनकोंनी सबुरी धरली, म्हणून कारखाना तगला.

सरकारी खरेदीचा ज्यांना अनुभव आहे त्यांना या प्रसंगातील पेच चटकन उमगेल. कमी किमतीची निविदा स्वीकारावी हा नियम. आणि घरचा धंदा जगवावा ही गरज. दोन्ही बाजू रास्त असताना निर्णय सोपा नसतो. एल्सेनरने या पेचातून जी वाट काढली ती अनुदानाची नव्हती, कसबाची होती. शिपायाचा चाकू जड होता. त्याहून हलका, डौलदार आणि अधिक अवजारांचा चाकू करावयाचा, तर प्रत्येक अवजारामागे वेगळी कमान घालून चालणार नव्हते. मूठ फुगली असती. त्याने एकाच कमानीच्या दोन्ही अंगांनी अवजारे बसविली. दोन कमानींवर सहा अवजारे नांदू लागली. पहिल्या चारांत एका लहान पात्याची आणि बूच काढावयाच्या मळसूत्री आकड्याची भर पडली. १२ जून १८९७ रोजी या चाकूची अधिकृत नोंदणी झाली. ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ असे त्याचे नाव. पण गंमत अशी की, सैन्याने तो कधीच आपल्या यादीत घेतला नाही. अधिकारी पदरचे पैसे मोडून तो घेत. जगभर ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणून जो लाल चाकू ओळखला जातो, तो या बिनसरकारी चाकूचा वंशज होय. सरकारने वाटलेला आणि सरकारने न वाटलेला, या दोन घराण्यांतील भेद हा संग्राहकाचा पहिला धडा असतो. मळसूत्री आकडा दिसला की तो चाकू शिपायाचा नव्हे, हे तो डोळे मिटूनही सांगेल.

एल्सेनरची आई व्हिक्टोरिया १९०९ साली निवर्तली. पडत्या काळात तिने मुलाच्या पाठीशी उभे राहून धीर दिला होता. तिचे नाव त्याने आपल्या मालाला दिले. ढालीवरील क्रूस ही खूणही त्याच वर्षीची. १९२१ पासून न गंजणारे पोलाद वापरात आले. अशा पोलादाला फ्रेंचमध्ये ‘इनॉक्स’ म्हणतात. ‘व्हिक्टोरिया’ला ते जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव सिद्ध झाले.

दरम्यान सैन्याच्या चाकूला दुसरा वाटेकरी मिळाला होता. देलेमाँच्या परिसरातील एका कारखान्याला १८९३ साली पुरवठादार म्हणून मान्यता मिळाली. हाच पुढे ‘वेंगर’ नावाने प्रसिद्ध झाला. इबाख जर्मनभाषी, तर देलेमाँ फ्रेंचभाषी. बहुभाषी देशात सरकारी कामाची वाटणी हा किती नाजूक प्रश्न असतो, हे भारतीय श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको. १९०८ साली स्विस सरकारने मागणी दोघांत निम्मी-निम्मी वाटून दिली. ही विभागणी जवळजवळ शतकभर टिकली. दोन्ही कारखाने परस्परांचे मोठेपण राखूनच आपले मोठेपण मिरवीत: एकाचा चाकू ‘मूळचा’, तर दुसऱ्याचा ‘अस्सल’.

संग्राहकांच्या तुलनेला येथून खरा रंग चढतो. एकाच गरजेसाठी दोन कारखान्यांनी दोन उत्तरे काढली. डबा फोडावयाचे साधनच घ्या. व्हिक्टोरिनॉक्सचे पुढे रेटीत चालवावे लागते, वेंगरचे मागे ओढीत. क्रूसाभोवतीची चौकटही दोघांची वेगळी. व्हिक्टोरिनॉक्सचा नेहमीचा चाकू ९१ मिलिमीटरांचा, वेंगरचा ८५ चा. कोणता बरा, हा वाद रात्र-रात्र चालतो आणि कधीच मिटत नाही. तो मिटू नये अशीच बहुधा सर्वांची इच्छा असते.

शिपायांच्या चाकूंना आणखी एक आकर्षण आहे. १९६१ साली आलेल्या ॲल्युमिनियमच्या मुठीच्या नमुन्यावर तो ज्या वर्षी घडला त्या वर्षाचे दोन आकडे उमटविलेले असतात. काही जण प्रत्येक वर्षाचा एकेक चाकू मिळवून माळ पूर्ण करू पाहतात. कोणी आपल्या जन्मवर्षाचा शोधतो, कोणी अपत्याच्या. असा चाकू हाती आला की त्यावरील ओरखडे पुसावे की राखावे, हाही मतभेदाचा विषय होतो. जाणते संग्राहक ते राखतात; कोणा अनोळखी माणसाच्या नोकरीचा तेवढाच पुरावा शिल्लक असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी हे चाकू मायदेशी नेले आणि कीर्ती समुद्रापार गेली. पण त्या चाकूत एक उणीव होती, ती एका अमेरिकन प्रवाशाला जाणवली. टिम लेदरमन हा यंत्र-अभियंता १९७५ साली पत्नीसह एका जुन्या फियाट गाडीतून युरोप व मध्यपूर्वेत हिंडत होता. गाडी वारंवार बिघडे, हॉटेलांतील नळ गळत. खिशात साधा बालवीरांचा चाकू होता आणि पावलोपावली पक्कड हवीशी वाटे. परतल्यावर त्याने पक्कड असलेला चाकू करावयास घेतला. महिन्याभरात होईल असे वाटलेल्या कामाला तीन वर्षे लागली. १९८० साली त्याला हक्कपत्र मिळाले, गिऱ्हाईक मात्र मिळेना. चाकूवाल्यांना ते अवजार वाटे आणि अवजारवाल्यांना निव्वळ खेळणे. अखेर १९८३ साली एका मित्राच्या भागीदारीत त्याने पोर्टलंड येथे स्वतःच कारखाना काढला. त्याचे ते पहिले अवजार २००४ पर्यंत निघत होते. आज संग्राहक ते आदराने जपतात. दाब देताना त्याच्या मुठीच्या कडा तळहातात रुततात, अशी तक्रार करीत करीत जपतात.

तेव्हापासून या छंदाचे दोन पंथ झाले. एक पात्याला मुख्य मानतो, दुसरा पकडीला. मात्र दोन्ही पंथांतील अनुभवी माणसे एका गोष्टीवर सहमत असतात. अवजारांची संख्या ही चांगुलपणाची खूण नव्हे. वेंगरने एकदा सत्त्याऐंशी अवजारांचा चाकू काढला. तो खिशात मावेना. शेफील्डच्या पंचाहत्तर पात्यांची आठवण करून देणारी ती वस्तू कपाटातच शोभते. कारागिराची परीक्षा होते ती काय घातले यावर जितकी, तितकीच काय गाळले यावर.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानातून चाकू नेण्यास मनाई झाली. विमानतळांवरील दुकानांत भेट म्हणून विकला जाणारा हा चाकू रातोरात निषिद्ध ठरला. व्हिक्टोरिनॉक्सची चाकूविक्री सुमारे तीस टक्क्यांनी घसरली. या प्रसंगी कामगार कमी करणे हा व्यवहाराचा सरळ मार्ग होता. कारखान्याने तो पत्करला नाही. पाळ्या लहान केल्या, रजा आधीच घेण्यास सांगितले, काही कामगार शेजारच्या उद्योगांकडे काही काळ उसने दिले. कोणाला घरी बसविले नाही. एकशेसतरा वर्षांपूर्वी ज्या हेतूने ओढ्यावरचे चाक फिरू लागले, तो हेतू विस्मृतीत गेला नव्हता. २००५ साली अडचणीत आलेल्या वेंगरला याच कारखान्याने आपल्यात सामावून घेतले. पुढे सैन्याने नव्या चाकूसाठी आंतरराष्ट्रीय निविदा मागविल्या, तेव्हा स्विस शिपायाचा चाकू पुन्हा परदेशी होणार की काय, या शंकेने देशात चर्चा उसळली. २००८ साली ते काम इबाखलाच मिळाले.

वेंगर हे नाव चाकूंवरून गेले, तशी त्या चाकूंची किंमत संग्राहकांत वाढली. अमेरिकेतील विमानतळांवर प्रवाशांनी सोडून दिलेले चाकू पेट्या भरभरून लिलावात निघू लागले, आणि रसिक तेही धुंडाळू लागले. अशाच एखाद्या पेटीतून हाती आलेला मळका लाल चाकू पुसून, तेल देऊन संग्राहक तो उघडतो. आतली कमान अजून ताठ असते आणि पाते खटकन जागेवर बसते. ती कमान बसविणाऱ्या कारागिराला आपले गाव सोडावे लागले नाही, एवढे त्या आवाजावरून खात्रीने सांगता येते.