खोबरेल तेलाच्या गुळण्या आणि आपली शास्त्रं



गेल्या चातुर्मासात आमच्या स्वाध्याय मंडळात एक निरोप फिरत होता. सकाळी अनशापोटी खोबरेल तेल तोंडात घेऊन वीस मिनिटं घोळवा. दात, हिरड्या, सांधे, साखर सगळं सुधारतं. हजारो वर्षांची परंपरा आहे, आपल्या शास्त्रातच सांगितलंय! तो पुढं पाठवणाऱ्यांत मीही होते. नुसता पाठवला नाही, ठणकणाऱ्या दाढेवर सात महिने हाच उपाय केला. ठणका थांबला तेव्हा गुण आला असं वाटलं. खरं तर आतली नस मेली होती. शेवटी दाढ काढावी लागली. तेलाचा दोष नाही, दाखवायला गेले नाही हा माझा. पण 'आपल्या शास्त्रात' म्हणजे नेमकं कुठं, हे त्यानंतर शोधायला बसले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, तेलाच्या गुळण्यांचा उल्लेख आहे. जबड्याला बळ येतं, आवाज सुधारतो, घसा कोरडा पडत नाही, ओठ फुटत नाहीत, दात मुळाशी घट्ट राहतात, आंबटाने शिवशिवत नाहीत. एवढंच. साखर नाही, सांधे नाहीत. आणि तेल तिळाचं. तैल हा शब्दच तिळावरून आलाय. सुश्रुतात दोन प्रकार वेगळे केलेत: तोंडात फिरवता येईल एवढं घेतलं तर कवल, हलवताच येणार नाही इतकं गच्च भरून धरलं तर गंडूष. वाग्भटाने वेळ घड्याळाने सांगितलेली नाही. तोंड कफाने भरेपर्यंत, किंवा नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत धरायचं, असं तो म्हणतो.

आता आपल्याला खटकणारी गोष्ट. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात, रोजच्या गंडूषासाठी तेल सांगितलंय, आणि त्याच ओळीत पर्याय म्हणून मांसरस. पुढं तोंडातल्या जखमांना मध. निरोप लिहिणाऱ्याने अर्धी ओळ घेतली आणि अर्धी गाळली. आपण मात्र अख्ख्या ओळीवर 'आपली' म्हणून शिक्का मारला.

आपल्या वैद्यांनी असा शिक्का मारला नव्हता. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, उग्रादित्याचार्य नावाचे दिगंबर मुनी होऊन गेले. त्यांचा 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ मद्य, मांस आणि मध वगळून रचलेला आहे. औषध म्हणूनसुद्धा मांस नको, हे त्यांनी राजसभेत वैद्यांसमोर मांडलं. हा ग्रंथ 1940 साली आपल्या सोलापुरातच हिंदी अनुवादासह छापला गेला. कितीजणींच्या घरी असेल? माझ्या घरी नव्हता. आयुर्वेद घ्यायचा, पण पारखून घ्यायचा, हे काम अकराशे वर्षांपूर्वी झालेलं आहे.

मग खोबरेल तेल कुठून आलं? आमच्या सांगलीकडे ते केसांचं तेल. आजी दात राखुंडीनं घासायची, आणि तेल तोंडात धर म्हटलं असतं तर हसली असती. कोकणात, केरळात खोबरेल स्वयंपाकात असतं, पण ग्रंथांतल्या गंडूषाचं मुख्य तेल तीळतेलच. आजचा वीस मिनिटांचा प्रकार 1990 नंतरचा. युक्रेनच्या डॉ. कराच यांचं म्हणून सांगितलेलं, सूर्यफुलाचं तेल घोळवण्याचं तंत्र बंगळूरच्या तुम्मल कोटेश्वर राव यांनी आपल्याकडे पसरवलं. आंध्र ज्योती या तेलुगू दैनिकाने 1996 साली वाचकांची पाहणी केली. 1041 जणांनी कळवलं, त्यांतल्या 927 जणांना काही ना काही गुण आला. मी कॉमर्सची, त्यामुळे लगेच मनात आलं: ज्यांना गुण आला नाही ते कशाला पत्र लिहितील? जमेची बाजू भरली, खर्चाची कोरी. खोबरेल तर त्याहून नवं. अमेरिकेतल्या ब्रूस फाइफ यांनी 2008 साली पुस्तक लिहून त्याचा पुरस्कार केला, मग तिकडच्या नट्यांनी उचललं आणि ते 'प्राचीन भारतीय' होऊन आपल्या फोनवर परत आलं.

काहीच उपयोग नाही असं मी म्हणत नाही. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, जंतूंवर त्याचा परिणाम होतो, आणि काही छोट्या अभ्यासांत दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी झालेली दिसली. पण किडलेला दात तेलाने भरून येत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशन या गुळण्यांची शिफारस करत नाही. ब्रश सोडून तर नाहीच. तेल गिळू नये, आणि ठसका लागणाऱ्या वयस्कर माणसाला तर देऊच नये, कारण ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

एकीने विचारलं होतं, उपवासाच्या दिवशी चालेल का? आपल्या मुनींच्या आणि आर्यिका माताजींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन आहे, म्हणजे दात न घासण्याचं व्रत. आपण श्रावक, आपल्याला ते नाही. पण समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात उपवासाच्या दिवशी सोडायच्या गोष्टींत स्नान, अंजन यांच्याबरोबर नस्यही आहे. नाकात घालायचं सोडायचं, तर तोंडात घोळवायचं कसं ठेवायचं? मी त्या दिवशी करत नाही.

एरवी अजूनही करते, पण तिळाच्या तेलाने, एक चमचा, पाचेक मिनिटं, आणि नंतर ब्रश. दाताच्या डॉक्टरांकडे वर्षातून दोनदा जाते. तेल बेसिनमध्ये थुंकू नका. खोबरेल थंडीत थिजतं आणि पाइप तुंबतो, आमचा तुंबला होता. अंगणातही नको, मुंग्या चिकटून मरतात. मी जुन्या डब्यात कोरडी राख ठेवलीय, त्यात थुंकते आणि वर राख टाकून झाकण लावते.